स्मार्ट चष्मा : वैद्यकाच्या नजरेतून

तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मा जन्माला आला. त्यानंतर सुमारे सातशे वर्षे या साधनाने एकच काम इमानेइतबारे केले. डोळ्यात शिरणारा प्रकाश हवा तसा वळवून समोरचे दृश्य स्पष्ट करणे, एवढेच ते काम. चष्मा स्वतःहून काही दाखवीत नव्हता, काही सांगत नव्हता आणि पाहिलेले लक्षात ठेवीत नव्हता. गेल्या बारा-पंधरा वर्षांत मात्र चष्म्याच्या काडीत संगणक शिरला आणि ही तिन्ही कामे तो करू लागला.

गूगल कंपनीने २०१२ साली आपल्या ‘ग्लास’ या चष्म्याची घोषणा केली, तेव्हा वैद्यकीय जगतात मोठे कुतूहल निर्माण झाले होते. सर्वसामान्यांसाठीची त्याची विक्री जानेवारी २०१५ मध्ये थांबली. कारखाने आणि रुग्णालयांसाठी काढलेली आवृत्तीही मार्च २०२३ मध्ये बंद झाली. तो विषय तेथेच संपला असे वाटत असतानाच नव्या पिढीचे चष्मे आले. मे २०२५ मध्ये ‘रे-बॅन मेटा’ हा कॅमेरायुक्त चष्मा भारतात २९,९०० रुपयांपासून विक्रीस आला. साहजिकच ‘डॉक्टर, हा चष्मा डोळ्यांना चालेल का?’ आणि ‘आमच्या वडिलांना दिसत नाही, त्यांना याचा उपयोग होईल का?’ असे दोन प्रश्न घेऊन लोक आपल्याकडे येणार. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर देण्यापूर्वी थोडा इतिहास माहीत असणे आवश्यक आहे. या स्मरणिकेचे वाचक केवळ डॉक्टर नसल्याने प्रस्तुत लेखात परिभाषा शक्यतो टाळली आहे.

एक नाव, तीन वस्तू

‘स्मार्ट चष्मा’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ येथेच आहे. पहिल्या प्रकारात कॅमेरा, मायक्रोफोन व स्पीकर असतो, परंतु डोळ्यासमोर पडदा नसतो. आपण तोंडाने प्रश्न विचारायचा आणि उत्तर कानाशी ऐकायचे. रे-बॅन मेटाचा २०२५ साली भारतात आलेला चष्मा या जातीचा. दुसऱ्या प्रकारात डोळ्यासमोर अक्षरे वा चित्रे उमटतात. गूगल ग्लास हे त्याचे गाजलेले उदाहरण. तिसरा प्रकार दृष्टिबाधितांसाठी मुद्दाम केलेला. त्यातील काही साधने छापील मजकूर वाचून दाखवतात, काही समोरचे दृश्य मोठे करून दाखवतात. रुग्ण एकाची बातमी वाचतो आणि दुसराच विकत आणतो, ही यातली नेहमीची फसगत.

गूगल ग्लासमध्ये उजव्या डोळ्याच्या किंचित वर एक लहान लोलक बसवलेला होता. त्यातून दिसणारी प्रतिमा आठ फुटांवरील पंचवीस इंची पडद्यासारखी भासे. ध्वनी कवटीच्या हाडावाटे कानाच्या अंतर्भागात पोहोचे. आठ फूट म्हणजे सुमारे २.४ मीटर. तेथे नजर स्थिरावण्यास डोळ्याला अर्ध्या डायॉप्टरहूनही कमी जोर लावावा लागतो. चाळीस सेंटिमीटरवरील शस्त्रक्रियेच्या जागी पाहण्यास मात्र अडीच डायॉप्टर लागतात. तरुण डोळा ही ये-जा सहज करतो. पन्नाशीच्या शल्यचिकित्सकाला, दूरचा नंबर बरोबर असल्यास, पडद्यावरची अक्षरे जवळच्या चष्म्याशिवाय वाचता येतात, ही गंमतच. पण टाके घालण्यासाठी त्याला पुन्हा जवळच्या भिंगाकडे वळावे लागते. वरच्या कोपऱ्यात पडदा, खाली दुहेरी भिंग आणि मध्ये रुग्ण अशी ही कसरत तासभर चालली म्हणजे डोके जड होणारच.

शस्त्रक्रियागृहातील अनुभव

जून २०१३ मध्ये अमेरिकेतील मेन राज्यात, बँगर या गावी, डॉ. राफाएल ग्रॉसमन यांनी गूगल ग्लास घालून एका रुग्णाच्या जठरात पोषणनलिका बसवली. रुग्णाची ओळख पटेल असे काहीही दिसू न देण्याची दक्षता त्यांनी घेतली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया चष्म्यातून विद्यार्थ्यांना दाखवली गेली. आपल्याकडेही हा प्रयोग लगोलग झाला. सप्टेंबर २०१३ मध्ये चेन्नईत आणि जानेवारी २०१४ मध्ये जयपूर येथे पावलाच्या शस्त्रक्रियांच्या परिषदेत. मे २०१४ मध्ये रॉयल लंडन रुग्णालयात डॉ. शफी अहमद यांनी केलेली यकृत व आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ११५ देशांतील सुमारे १३ हजार जणांनी पाहिली. प्रेक्षकांनी टंकलिखित केलेले प्रश्न शल्यचिकित्सकाच्या चष्म्यात उमटत आणि ते हात न थांबवता उत्तरे देत.

अध्यापनाच्या दृष्टीने हे आकर्षक होते, यात शंका नाही. पण वापर वाढला तशा अडचणी ध्यानात आल्या. चष्म्यातील कॅमेरा डोके जिकडे असेल तिकडे पाहतो, बुबुळे जिकडे असतील तिकडे नव्हे. शल्यचिकित्सक शस्त्रक्रिया करताना नजर खाली नेतो, मान तितकी वाकवत नाही. परिणामी चित्रात जखमेऐवजी समोरचा मदतनीस दिसू लागतो आणि तो टाळण्यासाठी डॉक्टर मान अधिक वाकवतो. शस्त्रक्रियागृहातील प्रखर दिव्याखाली चित्र पांढरेफटक पडते. सतत चित्रण केल्यास बॅटरी तासाभराच्या आतबाहेर संपते. मोठे दिसण्यासाठी वापरायचे लूप आणि हा चष्मा एकाच नाकावर सुखाने नांदत नाहीत. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणाऱ्यांसमोर तर स्वतःचा पडदा आधीच असतो. त्यांना हा चष्मा म्हणजे दागिनाच. आमच्या मते, केवळ चित्रणासाठी छताच्या दिव्यात बसवलेला साधा कॅमेरा आजही अधिक भरवशाचा आहे.

याहून खरा उपयोग दिसला तो हात गुंतलेले असताना माहिती मिळवण्याचा. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयात आकस्मिक विभागाच्या प्रत्येक खोलीच्या दारावर चौकोनी संकेतचित्र लावले होते. डॉक्टरने आत शिरताना त्याकडे पाहिले की त्या रुग्णाची औषधे, ॲलर्जी आणि तपासण्या चष्म्यात दिसत. मेंदूत रक्तस्राव होत असलेल्या, काही औषधांची ॲलर्जी असलेल्या आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या एका रुग्णाच्या बाबतीत ही माहिती डॉक्टरांना खाटेपाशीच मिळाल्याचे त्या रुग्णालयाने २०१४ मध्ये सांगितले. संगणकापर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ तेथे खरोखर मोलाचा होता.

दुसरा उपयोग लेखनिकाचा. ऑगमेडिक्स या सॅन फ्रान्सिस्कोच्या कंपनीने अशी व्यवस्था केली की डॉक्टर चष्मा घालून रुग्णाशी बोलेल आणि दूरवर, कित्येकदा थेट बांगलादेशात, बसलेला लेखनिक ते संभाषण ऐकून टिपण तयार करील. कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक प्रयोगात नोंदी करण्यात जाणारा वेळ दिवसाच्या ३३ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला आणि रुग्णांसाठीचा वेळ ३५ वरून ७० टक्के झाला, असे २०१४ मध्ये जाहीर झाले. आकडे प्रयोग करणाऱ्यांचेच असल्याने ते थोडे हात राखून घ्यावेत. शिवाय श्रेय नेमके कोणाला? काम चष्म्याने नव्हे, लेखनिकाने केले होते. पुढे त्याच कंपनीने साध्या मोबाइल फोनवरही ही सेवा देऊ केली, यातच सारे आले. आता तर संगणकच संभाषण ऐकून टिपण लिहितो. आपल्यापैकी कोणी नोंदींचा भार हलका करण्यासाठी चष्मा घेण्याच्या विचारात असेल तर त्याने आधी फोनवरचा प्रयोग करून पाहावा.

डोळा आणि अवधान

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. पडदा नसलेला चष्मा डोळ्याला साध्या चष्म्याइतकाच निरुपद्रवी आहे. त्याने नंबर वाढत नाही, तसा कमीही होत नाही. पडदा असलेल्या चष्म्याची गोष्ट वेगळी. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक छोटे संशोधनपत्र प्रसिद्ध झाले. तीन निरोगी व्यक्तींना गूगल ग्लास घालून त्यांचे दृष्टिक्षेत्र मोजले असता उजवीकडे वरच्या भागात स्पष्ट अंधक्षेत्र आढळले. पडदा बंद असतानाही ते होते. कारण अडथळा प्रकाशाचा नसून चौकटीचाच होता. तीन माणसांवरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही हे खरे, पण डोळ्यासमोर ठोकळा ठेवला तर त्यामागचे दिसणार नाही, हे समजण्यास तीन माणसेही पुरेशी आहेत. काचबिंदूमुळे ज्यांचे दृष्टिक्षेत्र आधीच आकसले आहे, ज्यांना एकाच डोळ्याने दिसते किंवा पक्षाघातानंतर ज्यांची एका बाजूची नजर गेली आहे, त्यांना असा चष्मा देऊ नये.

दृष्टिक्षेत्रापेक्षाही मोठा प्रश्न अवधानाचा. डोळा उघडा असतो, प्रतिमा दृष्टिपटलावर पडलेली असते, पण मन अक्षरांत गुंतल्यामुळे समोरचा माणूस ‘दिसत’ नाही. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात २०१४ साली वाहन चालवण्याच्या कृत्रिम यंत्रावर तरुणांची परीक्षा घेण्यात आली. हातातील फोनवरून वा ग्लासमधून संदेशाला उत्तर देणारे, दोघेही विचलित झाले. ग्लासवाले सावरले थोडे लवकर, इतकेच. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली झालेली दुरुस्ती वाहन चालवताना ‘हातात धरण्याच्या’ संपर्कसाधनाचा उल्लेख करते. चष्मा हातात नसतो. तेव्हा कायद्याची वाट न पाहता आपणच रुग्णाला बजावावे की पडदा असलेला चष्मा घालून गाडी चालवू नये. दुचाकीवर तर नाहीच नाही.

सॅन दिएगो येथे नौदलातील ३१ वर्षांच्या एका रुग्णाची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. दारूच्या व्यसनासाठी तो दाखल झाला होता. परंतु दिवसाचे अठरा तास तो ग्लास वापरत असे. चष्मा काढून घेतल्यावरही त्याचे बोट कानशिलाकडे जाऊन टिचकी मारल्यासारखे हलत राही आणि स्वप्नेही त्याला त्या लहान चौकटीतून दिसत. एका रुग्णावरून नवा रोग जाहीर करण्याची घाई नको. पण फोन निदान खिशात तरी जातो, हा दिवसभर डोळ्यांवरच असतो.

समोर बसलेल्या माणसाचा प्रश्न

या साधनाचा सर्वांत मोठा दोष तो घालणाऱ्याला सोसावा लागत नाही, समोरच्याला लागतो. आपल्या तपासणी खोलीत माणसे कपडे उतरवतात. मूल होत नसल्याचे, मनाच्या आजाराचे, एचआयव्हीचे सांगतात. बेळगावसारख्या गावात डॉक्टर, रुग्ण, औषधविक्रेता आणि विहीणबाई या सर्वांची एकमेकांशी ओळख असते. येथे गुप्तता ही पुस्तकातली नीती नाही, कोणाच्या मुलीचे लग्न जुळणे-मोडणे तिच्यावर अवलंबून असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने रुग्णाची गुपिते जपण्याचे आणि त्याची ओळख पटेल असे छायाचित्र संमतीवाचून प्रसिद्ध न करण्याचे बंधन घातले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. चष्म्याने घेतलेले चित्र बहुधा फोनवर आणि तेथून कंपनीच्या दूरच्या संगणकावर जाऊ शकते, हे लक्षात घेता डॉक्टरने स्वतःचा नेहमीचा चष्मा म्हणून असा चष्मा तपासणी खोलीत वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. विशिष्ट कामासाठी, रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून, लेखी संमती घेऊन, ठरावीक वेळेपुरता वापरणे ही निराळी गोष्ट.

चित्रण चालू असताना चौकटीवर दिवा लागतो, असे विक्रेता सांगेल. दिवा लागतो हे खरे; परंतु तो निकामी करून देणारी मंडळीही २०२५ मध्येच अमेरिकेत पुढे आली. त्याआधी, २०२४ साली, हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी अशा चष्म्याला चेहरा ओळखणारी संगणकसेवा जोडून रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचे नाव, पत्ता क्षणात शोधता येतो, हे दाखवून दिले. प्रतीक्षाकक्षात बसलेली माणसे ओळखू येणे म्हणजे काय, हे त्वचारोग वा मानसोपचार तज्ज्ञांना वेगळे सांगायला नको.

उलट बाजूही आहे. चष्मा घालून रुग्ण किंवा त्याचा नातेवाईकच आत आला तर? ‘मोबाइल बंद ठेवावा’ ही पाटी आपण लावतो. पण स्मार्ट चष्म्यात नंबराच्या काचा बसवलेल्या असतील तर ‘चष्मा काढा’ म्हणणे म्हणजे त्याला आंधळे करणे होय. यावर व्यवहार्य उपाय एकच. असा चष्मा घेणाऱ्याला नंबर लिहून देतानाच एक साधा चष्माही सोबत ठेवण्यास सांगावे आणि दवाखान्याच्या पाटीवर तशी सूचना लिहावी.

ज्यांना खरी गरज आहे

एवढे दोष सांगितल्यावर हेही सांगितले पाहिजे की एका गटाला या साधनाने खरोखर आधार दिला आहे. दृष्टी बरीच गेलेल्या माणसाला औषधाची बाटली, विजेचे बिल, नातवाचे पत्र वाचून दाखवणारा चष्मा ही चैन नव्हे. इस्रायलच्या ऑरकॅम कंपनीने चष्म्याच्या काडीला चिकटवण्याजोगे लहानसे वाचकयंत्र काढले. डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या ‘बी माय आइज’ या सेवेद्वारे दृष्टिहीन माणूस कॅमेऱ्यातून समोरचे दृश्य दूरच्या स्वयंसेवकाला दाखवून मदत मागू शकतो. २०१५ पासून ती फोनवर आहे आणि पुढे चष्म्यावरही आली. फोनवर जवळजवळ हेच सारे विनामूल्य होते, मग चष्मा कशाला? कारण दृष्टिहीनाच्या एका हातात पांढरी काठी असते आणि दुसऱ्या हाताने तो कठडा धरतो. फोन धरायला तिसरा हात कोठून आणायचा?

निवड मात्र आजार पाहून करावी. पीतबिंदूच्या झिजेत मधली नजर जाते व कडेची राहते; तेथे दृश्य मोठे करून दाखवणारा चष्मा उपयोगी पडू शकतो. रातांधळेपणाच्या आनुवंशिक रोगात नजर नळीसारखी अरुंद होते; तेथे दृश्य मोठे केले तर नळीत मावणारे आणखी कमी होते. हे न पाहता घेतलेले महागडे यंत्र कपाटात जाते.

याहून गंभीर धडा आर्गस-दोन या यंत्राने दिला. कॅलिफोर्नियातील सेकंड साइट कंपनीचे हे कृत्रिम दृष्टिपटल. चष्म्यातील कॅमेरा चित्र टिपे, कमरेचे यंत्र त्याचे संकेतांत रूपांतर करी आणि डोळ्यात शस्त्रक्रियेने बसवलेले ६० विद्युदग्र दृष्टिपटल उद्दीपित करीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतले. त्यांना प्रकाशाचे ठिपके दिसू लागले, दार आणि भिंत यांतला फरक कळू लागला. वर्षानुवर्षे अंधारात असलेल्याला हेही थोडे नव्हते. पुढे कंपनीने २०१९ मध्ये उत्पादन थांबवले आणि २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी कमी केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका तांत्रिक नियतकालिकाने या रुग्णांची अवस्था उजेडात आणली. यंत्र बिघडले तर दुरुस्ती नाही, सुटा भाग नाही. मेंदूत गाठ असल्याच्या संशयावरून एका रुग्णाला एमआरआय सुचवला गेला. डोळ्यात यंत्र असता तो सुरक्षित कसा करावा हे विचारण्यास कंपनीत उत्तर देणारे कोणी उरले नव्हते. अखेर त्याला सीटी स्कॅनवर भागवावे लागले.

या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २०२५ ची बातमी वाचावी. स्टॅनफर्डचे डॅनियल पालांकर यांच्या संशोधनातून निघालेल्या ‘प्रिमा’ यंत्राचे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. पीतबिंदूच्या शुष्क झिजेने मधली नजर गेलेल्या ३८ रुग्णांच्या दृष्टिपटलाखाली दोन मिलिमीटर लांबी-रुंदीची, ३७८ बिंदूंची चकती बसवली गेली. चष्मा कॅमेऱ्यातील चित्र अवरक्त प्रकाशाने त्या चकतीवर टाकतो. तारा नाहीत, वेगळी वीज नाही. वर्षानंतर तपासलेल्या ३२ पैकी २६ जणांची दृष्टी लक्षणीय सुधारली आणि अनेक जण घरी अक्षरे, शब्द वाचू लागले. १९ रुग्णांत मिळून २६ गंभीर दुष्परिणामही झाले, हे त्याच अहवालात आहे. बातम्यांत कमी आलेली गोष्ट अशी की हे यंत्र विकसित करणारी पॅरिसची पिक्सियम व्हिजन कंपनी निष्कर्ष प्रसिद्ध होण्याआधीच दिवाळखोरीत निघाली होती. २०२४ मध्ये एका अमेरिकन कंपनीने ते काम विकत घेतले म्हणून रुग्ण वाऱ्यावर पडले नाहीत.

आपल्या भागातील रुग्णाला सध्या तरी प्रश्न चकतीचा नसून वाचून दाखवणाऱ्या चष्म्याचा आहे. घेण्यापूर्वी त्याने दुकानात घरचे मराठी वृत्तपत्र न्यावे, कारण इंग्रजी उत्तम वाचणारे यंत्र देवनागरी जोडाक्षरांवर अडखळू शकते. सीमाभागात आणखी एक पायरी आहे : वृत्तपत्र मराठी आणि बसची पाटी कानडी. दोन्ही त्याच्यासमोर धरून पाहावीत, शक्यतो बाहेरच्या उन्हात, दुकानातल्या दिव्याखाली नव्हे. इंटरनेट बंद केल्यावर यंत्र किती वाचते, तेही तेथेच पाहून घ्यावे. खेड्यातल्या घरी ते बंदच असण्याचा संभव जास्त. दोन आठवडे वापरून परत करण्याची सोय आहे का, मासिक वर्गणी भरावी लागते का, ती थांबवली तर कोणती कामे बंद पडतात, बॅटरी बदलता येते का, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. दुरुस्तीचा पत्ताही त्याच कागदावर असावा, आणि तो भारतातला असावा.